हिरव्याला फोन करायचा नाही

१

सकाळी साडेनऊला ऑफिसचं कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, खालच्या मिसळवाल्याच्या फोडणीने एकदा दणकून शिंकायचं आणि कॉम्प्युटर सुरू करायचा. मनाली पगारेचा दिवस गेली तीन वर्षं असाच सुरू होत होता. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांत दोन टेबलं, भेटायला येणाऱ्यांसाठी रेक्झिनची एक जाडजूड खुर्ची, पाण्याचा जार आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. स्क्रीनवर एकशे वीस चौकोन. एक चौकोन म्हणजे एक माणूस.

काम मानसिक आरोग्याच्या संशोधनाचं होतं. हे एकशे वीस जण जिल्हाभर पसरलेले, बहुतेक साठीच्या पुढचे आणि एकटे राहणारे. त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलेलं होतं. माणूस दिवसात किती पावलं चालला, घराबाहेर किती वेळ राहिला आणि त्याच्या आसपास किती मिनिटं बोलणं झालं, एवढं ते अ‍ॅप गुपचूप मोजत राहायचं. बोलणं फक्त मोजायचं, ठेवायचं नाही. किती आवाज होते आणि त्यात फोनचा मालक किती वेळ बोलला, एवढेच आकडे ऑफिसात यायचे. मालकाचा आवाज फोनला कळावा म्हणून नाव नोंदवताना प्रत्येकाकडून संमतिपत्रातलं एक वाक्य तीनदा मोठ्याने वाचून घ्यावं लागे: ‘माझे शब्द कुठेही साठवले जाणार नाहीत, हे मला समजले आहे.’ मनालीने ते वाक्य इतक्या जणांकडून वदवून घेतलं होतं की भाजी निवडताना तिच्या तोंडात यायचं.

आकड्यांवरून चौकोनाला रंग चढे. सगळं ठीक असेल तर हिरवा, जरा घसरलं की पिवळा, फार घसरलं की लाल. लाल दिसला की त्या माणसाला फोन करायचा, काय कसं विचारायचं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. पिवळ्याकडे दोन दिवस लक्ष ठेवायचं. आणि हिरव्याला फोन करायचा नाही. हा शेवटचा नियम मनालीचा स्वतःचा होता. नवीन आलेल्या पल्लवीला तिने तो पहिल्याच दिवशी शिकवला.

"अगं, हिरवा आहे म्हणजे सुखात आहे तो. सुखातल्या माणसाला बरं आहे का म्हणून विचारलं की तो विचार करत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पिवळा होतो."

पल्लवी हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. एकशे वीस चौकोनांच्या खाली आणखी दोन लहान चौकोन होते, एक मनालीचा आणि एक पल्लवीचा. अ‍ॅप नीट चालतं की नाही हे बघायला ते दोघींच्याही फोनमध्ये टाकून ठेवलं होतं. त्यांच्याकडे कोणी बघत नसे.

चौकोन क्रमांक एकशे बारा मनालीच्या वडिलांचा होता. घरची माणसं घ्यायची नाहीत अशी सक्त सूचना होती, पण आकडा भरत नव्हता, प्रकल्पाचे सर मागे लागले होते आणि नाना मनमाडला एकटे होते. सहादू पगारे, रेल्वेतून गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून निवृत्त. बायको, म्हणजे सुमनबाई, जाऊन चार वर्षं झालेली. फॉर्मवर ‘संशोधकाशी नाते’ या रकान्यात मनालीने ‘नाही’ लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.

खरं तर त्यात तिची स्वतःचीही सोय होती. आधी ती रोज संध्याकाळी नानांना फोन करायची. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवायचंय अजून." मग दोघंही काही सुचत नाही म्हणून एकमेकांचा श्वास ऐकत बसायची. आता ते सगळं वाचलं. सकाळी चौकोन बघितला की नानांची खुशाली कळायची. नाना कायम पिवळे. दिवसाला नऊ-दहा मिनिटं बोलणं, तेही दूधवाला आणि भाजीवाली यांच्याशी, आणि सकाळी स्टेशनापर्यंत एक फेरी. पिवळं म्हणजे काही वाईट नाही, अशी तिने मनाची समजूत घालून घेतली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाना हिरवे झाले.

२

अकरा दिवस ती नुसती खूश होती. कोणीतरी जुना सोबती भेटला असेल, पत्ते खेळत असतील, असं तिने गृहीत धरलं. बाराव्या दिवशी, काम कमी होतं म्हणून, तिने एकशे बाराचे आकडे उघडले.

बोलणं रोज जवळजवळ तीन तास. सगळंच्या सगळं दुपारी दोन ते पाच. आवाज दोन, त्यातला एक मालकाचा.

नाना आणि तीन तास बोलणं? सिग्नल पडल्याशिवाय या माणसाचं तोंड उघडत नाही, असं सुमनबाई म्हणायच्या. मनालीने लगेच फोन लावला. शेवटचा फोन कधी केला होता ते तिला आठवेना, आणि त्याची तिला लाज वाटली.

"नाना, दुपारी कोणी येतं का घरी?"

"दुपारी कोण येणार हाय? दुपारी मी पडतो जरा."

"मग टीव्ही लावून झोपत असाल."

"टीव्ही बंद पडून सहा महिने झाले. तुला बोललो होतो मी." "तू का विचारती?"

"सहजच."

"सहज नको विचारू काही," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. असं ते कधी बोलत नसत.

मग तिने शेजारच्या नवसाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दोनला दार लावून घेतात बया तुझे नाना. माझी भिंत लागून हाय, पण काय आवाज नाय न् काय नाय. लय शांत."

पल्लवीचं म्हणणं पडलं की पंख्याची घरघर असेल, मशीन फसतं कधीकधी. हे मनालीला फार आवडलं. तिने पल्लवीला नाव न सांगता तो आलेख दाखवला. पल्लवी बराच वेळ स्क्रीनजवळ जाऊन बघत राहिली.

"पंखा नाही हो मॅडम. हे बघा, एक बोलतो, थांबतो, मग दुसरा बोलतो. पंखा थांबून ऐकत नाही ना." मग ती जरा गोंधळली. "पण एक गंमत आहे. तीन तासांत एकदाही कोणी कोणाचं तोडलेलं नाही. माणसं असं बोलतात का? आमच्या घरी तर कोणी कोणाला वाक्यच पुरं करू देत नाही."

आणखी एक गोष्ट पल्लवीच्या लक्षात आली नाही, ती मनालीच्या आली. पहिल्या दिवशी दोघं निम्मं निम्मं बोलले होते. मग रोज नानांचा वाटा थोडाथोडा कमी होत गेला. काल ते जेमतेम वीस मिनिटं बोलले होते आणि उरलेला सगळा वेळ दुसरा आवाज बोलत होता.

मग तिने खालचे आकडे बघितले. पावलं दिवसाला दोन हजारांवरून नव्वदवर आली होती. स्टेशनाची फेरी बंद. दूधवाल्याशी होणारं बोलणंसुद्धा बंद. नव्वद पावलं म्हणजे पलंग, मोरी आणि दार. पण बोलणं इतकं भरभरून होतं की त्याने बाकीचं सगळं झाकून टाकलं होतं आणि चौकोन हिरवागार दिसत होता. तिचा बाप डोळ्यांदेखत झिजत होता आणि ती अकरा दिवस कौतुकाने बघत होती.

३

दुसऱ्याच दिवशी ती सीबीएस स्टँडवरून सकाळच्या एसटीने निघाली. चांदवडच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडली, तरी साडेबाराला ती घरी पोचली.

दार नानांनी उघडलं. रोज सकाळी न चुकता दाढी करणारा माणूस, पण गालांवर पांढरे खुंट वाढलेले. शर्टची कॉलर मानेभोवती सैल झालेली. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली आईचा फोटो, तिघांच्याही काचा पुसलेल्या. खोलीत बदल म्हणावा तर एकच. नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची, जी वर्षानुवर्षं दारामागे उभी असायची, ती उघडून पलंगासमोर मांडली होती. खुर्चीजवळ स्टुलावर तांब्या आणि पेला.

"हे कोणासाठी?"

"असू दे. आल्यागेल्याला पाणी लागतं."

तिने डाळ-भात लावला. नाना चार घास जेवले. "नाशिकला चला माझ्याकडे," ती म्हणाली, "आजच चला." नानांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"तू दोनच्या आत नीघ."

"आत्ता तर आले मी!"

"नीघ म्हणतो ना. परत ये कधी. सकाळची ये."

आवाजात राग होता असं तिला वाटलं. मग तीही हट्टाला पेटली, बापाचीच मुलगी. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ पाटावर ठाण मांडून बसली. दोनला पाच मिनिटं असताना नानांनी दार लावलं, खिडकी ओढून घेतली, पेला काठोकाठ भरला आणि पलंगाच्या कडेवर ताठ बसले. नोकरीत साहेब आल्यावर बसायचे तसे.

"मने," ते म्हणाले. मने म्हणून त्यांनी तिला लहानपणी हाक मारली असेल, त्यानंतर नाही. "काही झालं तरी बोलू नको. हूं का चूं करू नको."

तिने मान हलवली आणि मांडीवरच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावला. प्रकल्पात रेकॉर्डिंगला बंदी होती, पण हे तिच्या बापाचं घर होतं.

दोन वाजले आणि काहीही झालं नाही.

पंखा घरघरत होता. पलीकडे नवसाबाईंच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. स्टेशनावरून कुठल्याशा गाडीची घोषणा अर्धवट ऐकू आली. नाना उघड्या डोळ्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, त्यांचे ओठ मिटलेले होते. मनालीने डोळा लागू दिला नाही, याची तिला नंतरही खात्री होती. तिने पंख्याची पाती मोजली, फोटोंच्या चौकटी मोजल्या, आईच्या साडीवरची फुलं मोजली. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिला हसूच आलं. म्हाताऱ्याला एकटेपणाने भ्रम झाला आहे आणि मशीनला पंख्याने. डॉक्टरांना दाखवू, औषध सुरू करू. ती चहा ठेवायला उठली.

दोन कप घेऊन ती परत आली तेव्हा खुर्चीच्या पट्ट्या वर येत होत्या. खाली झोळ गेलेल्या त्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या सावकाश, एकेक करून, ताणल्या गेल्या आणि सपाट झाल्या. कोणी जड माणूस बसून उठल्यावर होतात तशा. नायलॉन जुनं आहे, ती मनात म्हणाली. उन्हाने होत असेल.

नाना रडत होते. आई गेली तेव्हासुद्धा ते तिच्यासमोर रडले नव्हते.

"चहा नको," ते म्हणाले. "जा तू आता. का आलीस गं?"

४

"मॅडम, काय हे!" दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी स्क्रीनसमोर उभी राहून हसत होती. "काल रजा काय घेतलीत, एकदम हिरव्यागार झालात!"

खालचा लहान चौकोन. तो नेहमी पिवळटच असायचा, कारण मनालीसुद्धा फार कोणाशी बोलत नसे. तिने पल्लवीला चहा सांगायला खाली पाठवलं आणि स्वतःचे आकडे उघडले.

दुपारी दोन ते पाच. आवाज तीन. मालकाचा आवाज अडतीस मिनिटं.

ती अडतीस सेकंदसुद्धा बोलली नव्हती. नानांना तिने शब्द दिला होता आणि पाळला होता. तिने एकशे बारा उघडलं. नानांच्या फोनचा हिशेबही तोच, तीन आवाज. नाना गेल्या कित्येक दिवसांत बोलले नव्हते इतकं बोलले होते, ब्याऐंशी मिनिटं. आधी तो तिसरा थोडा बोलायचा, मग नाना खूप वेळ, मग तो थोडा, मग मनाली. कोणीही कोणाचं तोडलं नव्हतं.

दोन वेगवेगळे फोन एकाच वेळी एकसारखे फसू शकतात का? शकतात, ती स्वतःला म्हणाली. पंखा एकच होता ना. तिला रेकॉर्डिंग आठवलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्यात शांतता असणार, म्हणजे मशीन खोटं आणि विषय संपला. तिने कानाला हेडफोन लावले. पंखा. कुकर, तीन शिट्ट्या. स्टेशन. पुन्हा पंखा. ती पुढे पुढे सरकवत गेली, सगळीकडे पंखाच. तिने मोठा श्वास सोडला.

हेडफोन काढता काढता तिची नजर आलेखाच्या टोकावर गेली. शेवटची नोंद चार वाजून एक्कावन्न मिनिटांची होती. मालकाचा आवाज, एक सेकंद.

तिने रेकॉर्डिंग तिथे नेऊन ठेवलं. पंख्याची घरघर चालू होती. मग अगदी जवळून, स्पष्ट, तिचा स्वतःचा आवाज म्हणाला,

"बरं."

खूप वेळ कोणीतरी समजावून सांगितल्यावर माणूस शेवटी म्हणतो, तसं. पुढे पुन्हा नुसता पंखा.

तिने ते सहा वेळा ऐकलं. आपण कशाला हो म्हणालो आहोत, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. शब्द कुठेही साठवले जाणार नाहीत, याची पक्की व्यवस्था करणाऱ्यांत तीही होती.

५

नाना फोन उचलत नव्हते. तिने मिळेल ती एसटी पकडली. गाडी भरलेली होती. पिंपळगावपासून बायका उभ्या होत्या, पण तिच्या शेजारची खिडकीकडची जागा रिकामीच राहिली. कडेवर पोर घेतलेली एक बाई त्या जागेपाशी आली, वाकली, आणि "बसलंय वाटतं कोणी" असं पुटपुटत पुढे गेली. मनालीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे पलंगावर आडवे पडलेले नाना होते.

ती पोचली तेव्हा घराला कुलूप होतं.

"सकाळीच दाढी करून गेले की," नवसाबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, दूध घेऊन ठेवा वयनी. लय दिवसांनी बोलले बाई."

नाना स्टेशनाबाहेरच्या कडुलिंबाखाली बाकावर बसलेले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा कागदी पेला. तिला बघितल्यावर ते बाकावर सरकून बसले. ती शेजारी बसली.

"नाना, काल काय बोलणं झालं?"

"मला नाय सांगता येत. तिथं बसलं की समजतं सगळं. उठलं की पुसून जातं."

"कोण आहे तो?"

"मी पायलं नाय कधी. पायलं असतं तर बरं झालं असतं." नानांनी चहा खाली ठेवला. "एवढंच राहिलं ध्यानात, की मी तुला नको नको म्हणत होतो. त्याच्या हातापाया पडत होतो. आणि तू म्हणालीस, नाना थकले, आता मी बसते."

"मी नाही असं म्हणाले."

"शेवटाला बरं म्हणालीस तू, मने. त्याला तेवढं पुरतं. मी तर नुसतं या बसा म्हणालो होतो. दार वाजल्यासारखं झालं, दुपारचं कोण आलं म्हणून मी पाणी दिलं. एवढीच माझी चूक."

समोर रिक्षावाले भांडत होते, एक बाई पेरू विकत होती, सगळं जागच्या जागी होतं. नानांनी स्टेशनच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन झाले होते.

"दोनला कुठं होतीस तू?"

"एसटीत."

"शेजारी कोण बसलं होतं?"

मनालीला ती रिकामी जागा आठवली. नानांनी तिचा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. "मी परत बसतो," ते म्हणाले. "माझं काय राहिलंय आता." ते हे मनापासून म्हणत होते, आणि तरीही त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मनालीला बघवेना.

६

ती शिकलेली मुलगी होती. तिने पडताळा घेऊन बघितला.

एक दिवस ती दोन ते पाच बसलीच नाही. मेन रोड, रविवार कारंजा, पुढे गोदाघाट, पुन्हा वर. उन्हात तीन तास ती पायांवर होती, एकदाही कुठे टेकली नाही, कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या चौकोनात दुपारचं बोलणं शून्य होतं. आनंदाने तिला रडू फुटलं. मग तिने एकशे बारा उघडलं. दुपारी दोन ते पाच, आवाज दोन. नानांनी तिला सांगितलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून ती बसायला लागली.

पल्लवीच्या घरभेटी दुपारी असत, त्यामुळे ऑफिसात ती एकटीच असे. दोनच्या आधी ती खिडकी ओढून घ्यायची आणि रेक्झिनच्या खुर्चीसमोर जाऊन बसायची. तीन तास तिला काहीच ऐकू यायचं नाही, खालच्या रस्त्याचे हॉर्नसुद्धा नाही. पाच वाजले की ती उठायची आणि आपण काय बोललो हे तिला ठाऊक नसायचं. सकाळी आकडे सांगायचे. पहिल्या दिवशी निम्मं ती बोलली होती. आठवड्याने पाऊण तास. पंधरा दिवसांनी बारा मिनिटं. पावलं पाच हजारांवरून चारशेवर आली होती. डबा तसाच परत जायचा. आरशात बघायचं तिने सोडून दिलं होतं.

नाना पुन्हा पिवळे झाले होते. सकाळची फेरी, दूधवाला, भाजीवाली. तो पिवळा रंग बघून तिला रोज इतका आनंद व्हायचा की ती स्क्रीनवर त्या चौकोनाला बोट लावायची. संध्याकाळी नानांचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसायची. आता मात्र फोन ठेवायला कोणीच तयार नसायचं. एवढंसं आधीच का नाही केलं, असं तिला वाटायचं. रोज दहा मिनिटं तर हवी होती त्या माणसाला. ती कोणी दिली असती, तर दुपारी दार वाजलं म्हणून त्याने एवढ्या आनंदाने या बसा म्हटलं असतं का?

पल्लवीला सांगायचं तिने अनेकदा ठरवलं. पल्लवी हुशार होती, आलेख वाचू शकणारी. तिने मनालीचा चौकोन एकदा नीट उघडून बघितला असता, तर चारशेवर आलेली पावलं तिला दिसली असती. पण पल्लवी सकाळी यायची, लाल चौकोनांना फोन करायची, पिवळ्यांची यादी करायची आणि बाकीचे सोडून द्यायची. शिकवलं होतं तसंच.

शुक्रवारी पावणेदोनला पल्लवीने बॅग खांद्याला लावली. आज तिला सातपूरला तीन घरं करायची होती. निघता निघता ती टेबलापाशी थांबली.

"हा पेला कोणासाठी भरून ठेवलाय? कोणी येणार आहे का?"

"असू दे," मनाली म्हणाली. "आल्यागेल्याला पाणी लागतं."

"मॅडम, तुम्ही बारीक झालात हो. डाएट का?" पल्लवीने तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि तिच्या कपाळावर एक आठी आली. ती काहीतरी विचारणार होती. मग तिची नजर भिंतीवरच्या स्क्रीनकडे गेली, अगदी खालच्या लहान चौकोनाकडे, आणि आठी गेली. "पण काळजी नाही. सगळ्यांत गडद हिरवा तुमचाच आहे."

ती दाराशी पोचली. दोनला अजून बारा मिनिटं होती. तेवढ्यात मनालीला समोर हालचाल जाणवली. रेक्झिनच्या खुर्चीची गादी खाली जात होती. आतली हवा बारीक फुसकन आवाज करत बाहेर पडली, गादीला मधोमध खळगा पडला, मग पाठीकडचा भागही दबला. आज वेळेची वाटसुद्धा बघितली नव्हती.

पल्लवीचा हात कडीवर होता. आत्ता हाक मारली तर ती वळून बघेल, आणि बघितलं तर तिला दिसेल. मनालीने सगळा जीव गोळा केला. ‘पल्लवी, थांब, मला घेऊन चल,’ एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"बरं," तिचा आवाज म्हणाला.

"येते मॅडम," पल्लवी म्हणाली आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.